आमची वाटचाल : गळालेला फर्मा

आटपाडी तालुक्यातल्या आमच्या गावात ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय होतं. एक खोली, तीन कपाटं. शेरडं राखून आलो की मी तिथंच. सातवीत एक रहस्यकथा हाती लागली आणि खुनी कोण ते कळायच्या आत पानं संपली. शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेला सोळा पानांचा जुडगाच गळालेला. निम्म्या पुस्तकांची हीच गत. मग शेवट मी रचायचो आणि शेरडांमागं फिरताना धाकट्या भावाला सांगायचो.

पोरगं एवढं वाचतंय तर मास्तर होणार, हे घरात ठरलेलं. डी.एड. केलं, नोकरी लागली नाही. सांगलीत एका छापखान्याच्या बांधणी खात्यात चिकटलो, तात्पुरता म्हणून. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं जुजबंदी शिकवली. फर्म्याच्या घडीतून सुई घालायची आणि दोऱ्यानं एकेक फर्मा पुढच्याला बांधत जायचा. असं पुस्तक सपाट उघडतं. कडेला भोकं पाडून टाचलेलं उघडताना जोर लावावा लागतो, पाठ मोडते आणि पहिला नाहीतर शेवटचा फर्मा आधी सुटतो. आमच्या रहस्यकथेचं काय झालं असेल, ते तेव्हा उमगलं. मास्तरकीचा विषय तिथंच मिटला.

आईनं म्हैस विकून दिलेल्या पैशांत जुनं कटिंग मशीन आणि हातप्रेस घेतला. पहिलं काम गावच्याच ग्रंथालयाचं, दोनशे पुस्तकं. ऐन पावसाळा. मैद्याच्या खळीत बुरशी रोखणारं मोरचूद कमी पडलं, त्यात घाईनं ओलीच पुस्तकं थप्पीला लावली. आठ दिवसांत पुठ्ठ्यांवर हिरवी बुरशी. सगळी उसवून पुन्हा बांधून दिली, फुकट. तेव्हापासून खळ मीच शिजवतो.

ग्रंथालयांचं काम म्हणजे उधारी. अनुदान आलं की बिल निघतं. दुकान चालतं ते प्रबंधांवर. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि ‘उद्या सकाळीच पाहिजे’. त्यात वाचण्यासारखं फारसं नसतं, पण पैसे रोख मिळतात. दिवाळी अंक मात्र आवडीचं काम. पिना मारलेला अंक दहा घरं फिरला की संक्रांतीपर्यंत मुखपृष्ठ वेगळं, अंक वेगळा. म्हणून काही ग्रंथालयं आता अंक आल्या आल्याच शिवायला पाठवतात.

आज आम्ही पाच जण आहोत. कामाला आलेलं पुस्तक वाचत बसायचं नाही, असा नियम आहे. तो सर्वात जास्त मीच मोडतो. पानं गहाळ असतील तर दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधून झेरॉक्स काढतो आणि जागच्या जागी शिवून देतो. त्याचे फक्त झेरॉक्सचे पैसे. 

माझ्या त्या रहस्यकथेची दुसरी प्रत अजून सापडलेली नाही. भाऊ म्हणतो, नको शोधूस, आपला शेवट बरा होता.