माइन्झ: शनिवारचा बाजार आणि एक वतनदार कॅनन

फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून एस-बान (तिथली लोकल ट्रेन) पकडली की अर्ध्या तासात माइन्झ, आणि माझ्या फ्लाइटला तब्बल सात तास होते, म्हटलं चला. शनिवार निघाला हे नशीब. कथीड्रलला (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला) खेटूनच बाजार भरतो आणि लोक सकाळीच एका हातात वाइनचा ग्लास, दुसऱ्या हातात पाव-सॉसेज घेऊन गप्पा ठोकत उभे. मी पाव घेतला, वाइन टाळली (खरं सांगू? नाही टाळली).

आत गेलो ते बेर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाखसाठी. जर्मनीच्या हेस भागातल्या सरदार घराण्यातला हा पंधराव्या शतकातला माणूस, या कथीड्रलचा कॅनन, म्हणजे कथीड्रलच्या कारभारी मंडळातला एक. कॅनन म्हणजे दिवसरात्र जपमाळ ओढणारा कोणीतरी असं मला वाटायचं, पण हे तर सरळसरळ वतन! गावं, द्राक्षमळे, धान्य यांच्या उत्पन्नात प्रत्येकाचा ठरलेला वाटा, राहायला स्वतःचा वाडा, रोजच्या प्रार्थना गायला पगारी व्हिकर (बदली पुरोहित), आणि कित्येकांनी तर प्रीस्टची दीक्षाही घेतलेली नसायची. एंट्रीला मात्र खानदानाचे दाखले लागणार, शहरातला व्यापारी कितीही गब्बर असो, त्याच्या पोराला दार बंद. लग्नच नाही म्हणून वतन पोराला देता येईना, मग पुतण्याची वर्णी लावायची खटपट (काका-पुतण्या प्रकरण फक्त आपल्याकडेच आहे असं मी समजत होतो). आणि हीच मंडळी आर्चबिशप निवडणार, जो जर्मनीचा राजा निवडणाऱ्या सात जणांपैकी एक!

एवढं सुखाचं सोडून साहेब 1483 मध्ये जेरुसलेमला निघाले. सोबत योहान फॉन सोल्म्स हा तरुण काउंट, फिलिप फॉन बिकेन हा नाइट, आणि चक्क स्वतःचा चित्रकार, एर्हार्ड रॉयविष. व्हेनिसला जहाजमालकाशी लेखी करार, डोई 42 डुकाट (सोन्याची नाणी). जेरुसलेम, सिनाईचं वाळवंट, कैरो... योहान बिचारा अलेक्झांड्रियातच वारला, परत आलाच नाही. ब्रायडेनबाख 1484 मध्ये घरी पोचला, त्याच वर्षी कॅननांचा प्रमुख झाला आणि 1486 मध्ये इथेच माइन्झमध्ये प्रवासाचं पुस्तक छापलं, त्यात व्हेनिसचं घडीचं चित्र आहे ते उलगडलं की दीड मीटरच्या वर जातं.

क्लॉइस्टरमधल्या (कथीड्रलला लागून असलेल्या ओवरीतल्या) गार दगडावर बसून मोबाइलवर त्या पुस्तकाचं स्कॅन बघत होतो. एका पानावर फक्त प्राणी. जिराफ, मगर, लांब कानांच्या बकऱ्या, आणि बकऱ्यांखाली लिहिलंय ‘भारतातल्या’! मी एकटाच हसलो, शेजारच्या आजींनी वळून बघितलं. त्याच पानावर युनिकॉर्नही आहे, आणि खाली ग्वाही की पवित्र भूमीत आम्ही पाहिले तसेच हे प्राणी काढलेत. एका कोपऱ्यात उंटाचा लगाम धरून उभं असलेलं, शेपटीवालं, माणसासारखं काहीतरी. युनिकॉर्नचं नाव बिनदिक्कत छापलंय, याच्याखाली मात्र ‘नाव माहीत नाही’.