डायपर बदलताना दुखणारा पाय

माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : डाव्या पायाचा ताठरपणा गेल्या काही दिवसांत वाढला आहे, स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम सुरू करावेत. मुलगा तीन वर्षांचा होता. सत्ताविसाव्या आठवड्यातच जन्म झालेला, मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या भागाला इजा झाल्यामुळे सेरेब्रल पाल्सी (म्हणजे स्नायूंवर आणि हालचालींवर नीट ताबा नसणे), चारही हातापायांत ताठरपणा, झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन आणि आणखी एक औषध, आणि गिळताना अन्न श्वासनलिकेत जाते म्हणून पोटावर बसवलेल्या नळीतून आहार. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींची 1997 पासून जी पाच पायऱ्यांची वर्गवारी वापरात आहे, तिच्यात तो पाचव्या पायरीवर होता; म्हणजे बसणे दूरच, मानही आधाराशिवाय सावरता येत नव्हती.

अशा मुलाचा दिवस कसा जातो हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ठाऊक असले, तरी ते बहुधा कागदावरूनच ठाऊक असते. त्याच्या आईकडे एक जाड वही होती. तिच्यात औषधांच्या वेळा, नळीतून दिलेल्या प्रत्येक आहाराचे माप, नंतर नळी धुण्यासाठी सोडलेले पाणी, आहारानंतर त्याला किती वेळ उंच धरून ठेवले, रात्री कोणत्या वेळी कूस बदलली, झटका आला तर तो शरीराच्या कोणत्या बाजूने सुरू झाला आणि किती वेळ टिकला, हे सारे ओळीने लिहिलेले होते. रुग्णालयाच्या फायलींत अशा आईबद्दल ‘पालकांचे सहकार्य चांगले’ असा शेरा असतो. हा शेरा मला नेहमीच खटकत आला आहे, कारण इथे सहकार्य नेमके कोण कोणाला करत असते, हे त्यावरून कळत नाही.

चिठ्ठी वाचून मी त्याला गादीवर घेतले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, ताण द्यायच्या आधी एक ऐका. हा ताठरपणा नाही, दुखतंय त्याला.” मी कारण विचारले. तिचे उत्तर एखाद्या अनुभवी सहकाऱ्याने द्यावे तसे होते. ताठरपणा असता तर गाढ झोपेत पाय सैल पडला असता, आजवर तो तसा पडत आला आहे. आता झोपेतही डावा पाय वाकलेलाच राहतो आणि कोणी हात लावला की दचकून जाग येते. उजवा पाय कसाही उचलला तरी काही होत नाही. त्रास होतो तो फक्त डायपर बदलताना, डावा पाय वर घेतला की, आणि त्या क्षणी बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडीचे ठोके एकदम चढतात. ते आकडेही तिने वहीत टिपले होते.

तो रडत मात्र नव्हता, आणि बाकीच्यांची दिशाभूल इथेच झाली असावी. बोलू न शकणाऱ्या मुलांच्या वेदना मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची क्षमता अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देणारी एक पट्टी आहे. पण ज्याच्या चेहऱ्याचे स्नायूच त्याच्या ताब्यात नाहीत आणि ज्याचे पाय एरवीही ताठच असतात, अशा मुलाला या पट्टीवर काही वेळा फसवे गुण मिळतात. म्हणून तिची एक सुधारित आवृत्ती आहे, तिच्यात ‘आपले मूल दुखले की काय करते’ हे पालकांनी आपल्या शब्दांत भरायचे असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो भाग कोरा राहतो. मी तो त्या दिवशी भरून घेतला : श्वास रोखतो, डोळे एका बाजूला नेतो, आवडते गाणे लावले तरी तोंड हलवत नाही.

त्याच्या पायाला मी ताण दिला नाही. मांडीखाली तळहात ठेवून दोन्ही पाय नुसते शेजारी धरून पाहिले. डाव्या गुडघ्याच्या जरा वर सूज होती, डोळ्यांना सहज न दिसणारी पण हाताला कळणारी, आणि तिथली त्वचा दुसऱ्या बाजूपेक्षा गरम होती. मी डॉक्टरांना फोन करून एक्स-रे मागितला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला फ्रॅक्चर होते. शिवाय हाडाची बाहेरची भिंत इतकी पातळ दिसत होती की बाकीचे हाडही धुरकट वाटावे.

हाड मजबूत होते ते त्यावर भार पडल्यामुळे. जे मूल कधी उभेच राहिलेले नाही त्याच्या पायांच्या हाडांना हा भार मिळत नाही. त्यातच फेनोबार्बिटोनसारखी झटक्यांची काही औषधे यकृतातील ‘ड’ जीवनसत्त्वाचा निचरा वाढवतात, अशा मुलांना ऊन कमी मिळते आणि आहारही मोजूनमापून असतो. या सगळ्यांची बेरीज झाली की मांडीचे हाड गुडघ्याजवळ, एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या जोराने मोडू शकते. कपडे बदलताना, गाडीतल्या आसनावर बसवताना, व्यायाम करून घेतानासुद्धा मोडते. नंतर आलेल्या रक्ताच्या अहवालात ‘ड’ जीवनसत्त्व दर मिलिलिटरला 12 नॅनोग्रॅमच्याही खाली होते.

पण तो अहवाल यायच्या आधी प्रश्न आला. न चालणाऱ्या मुलाचे लांब हाड मोडले असेल आणि पडल्याची हकिकत नसेल, तर मुलाला कोणी इजा केली का याचा विचार डॉक्टरांना करावाच लागतो. अपंग मुलांवर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो आणि ती मुले सांगूही शकत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न विचारू नये असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र तो वॉर्डात, दोन खाटांच्या मध्ये उभे राहून, इतर पालकांच्या कानावर पडेल अशा आवाजात विचारला गेला, याची काही गरज नव्हती. शेजारी एक रिकामी खोली होती.

ती रागावली नाही. तिने वही उघडली आणि चार दिवसांपूर्वीच्या संध्याकाळच्या नोंदीवर बोट ठेवले : डायपर बदलताना डावा पाय उचलला, ‘कट्’ असा बारीक आवाज आल्यासारखे वाटले, मुलाने श्वास रोखला, नाडी 170. दुसऱ्या दिवशी तिने हे फोनवरून कळवलेही होते. त्यावर स्नायूंचा ताठरपणा वाढला असेल, असे उत्तर मिळाले होते. त्या नोंदीने डॉक्टरांचे बरेचसे समाधान झाले. तिचे मात्र त्याच क्षणी तोंड उतरले, कारण ज्या नोंदीने तिच्यावरचा संशय दूर केला, त्याच नोंदीतून हाड तिच्या हातून मोडले हेही सिद्ध झाले होते. “म्हणजे मीच मोडला,” असे ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. समजुतीचे शब्द त्या वेळी मला पोकळ वाटले असते, म्हणून मी जे खरे होते तेच सांगितले : इतक्या कमी जोराने मोडणारे हाड कोणाच्याही हातात मोडले असते, आणि तिने मला थांबवले नसते तर चिठ्ठीनुसार दिलेल्या ताणाने ते मोडलेले हाड आणखी सरकले असते.

उपचारात एक पेच असतो. हाड जुळण्यासाठी पाय स्थिर ठेवावा लागतो, पण तो जितका काळ स्थिर राहतो तितके हाड आणखी विरळ होते आणि प्लास्टर निघाल्यावर पुन्हा फ्रॅक्चर होण्याची भीती वाढते. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी कडक प्लास्टर न घालता मऊ, गादी लावलेला स्प्लिंट बांधला आणि तो शक्य तितक्या लवकर काढायचे ठरवले. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झाले, झटक्यांच्या औषधांचा फेरविचार मेंदूविकारतज्ज्ञांकडे सोपवला गेला, आणि हाड जुळल्यावर उभे राहण्याच्या चौकटीत रोज थोडा वेळ उभे करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. डायपर बदलण्याची पद्धतही आम्ही दोघींनी बाहुलीवर करून पाहिली. घोटे धरून पाय वर न उचलता, दोन्ही गुडघ्यांना आधार देत पूर्ण शरीर कुशीवर वळवायचे आणि डायपर बाजूने सरकवायचा. यात वेळ दुप्पट लागतो, हे तिनेच दाखवून दिले. तो वेळ तिच्या दिवसात कुठून येणार, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

घरी जाण्यापूर्वी तिने एकच मागणी केली. दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात न्यावे लागले तर दाखवता येईल असे एका पानाचे पत्र तिला हवे होते : हाडे ठिसूळ आहेत, आधीचे फ्रॅक्चर कसे झाले, त्याला कसे उचलावे, दुखल्यावर तो काय करतो, झटका थांबला नाही तर नाकात कोणते औषध किती द्यावे. निवासी डॉक्टरांनी जुन्या नोंदींवरून मसुदा तयार केला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला, झटक्याच्या औषधाच्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, “हा डोस त्याच्या मागच्या वजनाचा आहे. आता वजन दीड किलोनं वाढलंय.” वजनकाटा आणून त्याला आईसकट तोलले, तिचे वजन वजा केले, आणि पत्र नव्याने टाइप करायला दिले.