ट्यूब बंद करा, काकी

सकाळी काकींचा फोन आला तेव्हाच मी बजावलं होतं, "आंघोळ घालू नका. मी येऊन बघते." दुपारी चारला गोव्यातल्या साखळीहून स्कूटरनं त्यांच्याकडे पोचले, तर पडवीत चार पांढऱ्या कोंबड्या ओल्याचिंब होऊन कुडकुडत होत्या आणि पाचवी टबात होती. शाम्पूचा वास पार अंगणापर्यंत येत होता.

"किती घाण गो! बघवेना," काकी म्हणाल्या.

रविवारचं चिकन आणायला गेलेले काका सहा जिवंत कोंबड्या घेऊन परतले होते. घाटापलीकडच्या फार्मवरून आलेल्या लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या. दीड वर्षाच्या झाल्या, अंडी कमी झाली की या अशा टेम्पोत भरून स्वस्तात जातात. चोचीची टोकं लहानपणीच छाटलेली. मानेवरची नि छातीवरची पिसं पिंजऱ्याच्या तारांना घासून गेलेली. तुरा फिकट, एका बाजूला लोंबणारा. नखं इतकी वाढलेली की सपाट फरशीवरही पाऊल नीट टेकेना.

काका एकीला पंखाला धरून उचलायला गेले. मी ओरडलेच. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून पुरलं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, त्यात आयुष्यभर हलायला जागा नाही. अशी हाडं खडूसारखी मोडतात. दोन्ही तळव्यांत पंख मिटवून, पायांखाली आधार देऊन उचलायचं.

खरं तर पहिल्या दिवशी आंघोळ नकोच. प्रवासानं अर्धमेला झालेला जीव, त्यात पाणी. शेपटाखाली विष्ठा वाळून गठ्ठा झाला असेल, तर तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवून सोडवायचा, बस. मात्र हा नियम मी सांगतच होते, तेवढ्यात सहावीच्या अंगाला वास आला. तो वास एकदा ओळखला की विसरत नाही. गठ्ठा भिजवून बाजूला केला, तर खाली जखम आणि तीत अळ्या. पावसाळ्यात माशी अशा ओल्या, घाणेरड्या पिसांवरच अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात.

"टर्पेंटाइन हाडू?" काकांनी विचारलं. गुरांच्या जखमेत ओततात ना, म्हणून. मी नको म्हटलं. कोंबडीची कातडी कागदासारखी, भाजून निघेल. भोवतीची पिसं कापली, सलाइननं धुतलं आणि चिमट्यानं एकेक अळी काढत बसले. मोजायचं काम काकांनी आपणहून घेतलं. एकतीस.

तेवढ्यात पाऊस कोसळला. मिरगाचा पाऊस, आणि पाऊस म्हटला की आमच्याकडे वीज जाणारच. हेअर ड्रायर काकींच्या हातातच बंद पडला. मग सगळा लवाजमा स्वयंपाकघरात. चुलीतली लाकडं बाहेर ओढायला लावली, कारण कोंबडीच्या फुप्फुसाला धूर मुळीच सोसत नाही. नुसते निखारे ठेवले. गोणपाटं अंथरली, जुन्या पंच्यांनी पुसून सहाही जणींना त्यावर मांडलं. ओली पिसं म्हणजे ऊब गेलीच, आणि कोंबडीच्या अंगाचं तापमान तर ४१-४२ अंश असतं.

वाटीत गूळपाणी ठेवलं. एकीनंही तोंड लावलं नाही. एक मात्र बादलीच्या कडीचा चकाकणारा स्क्रू ठोकत बसली. मग माझ्या ध्यानात आलं: यांनी पाणी प्यायलंय ते नळीच्या निपलला चोच मारून. वाटी हे पाण्याचं भांडं आहे, हेच त्यांना ठाऊक नाही. एकेकीची चोच पाण्यात बुडवली, तेव्हा कुठे.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते पुढचं. पाणी पिऊन झाल्यावर सहाही जणी अंधारात जागच्या जागी बसल्या होत्या, मान आखडून. पावणेनऊला वीज आली. ट्यूब फडफडून पेटली आणि सगळ्या एकदम उठल्या, गोणपाट टोचू लागल्या. एक तर पाय ओढत बरोबर ट्यूबखाली जाऊन उभी राहिली. अंडी जास्त मिळावीत म्हणून फार्मात दिवसाचे सोळा सोळा तास उजेड ठेवतात. यांची संध्याकाळ बटणावर होते.

"ट्यूब बंद करा, काकी."

बंद केली. सगळ्या बसल्या.

निघताना सांगितलं: आपल्या गावठी कोंबड्यांपासून महिनाभर वेगळ्या ठेवा, कोण कुणाला कुठला रोग देईल सांगता येत नाही. पेजेची घाई नको, आधी लेयरचंच खाद्य, कॅल्शियमसाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून वाटीत वेगळ्या ठेवा. राख आणि कोरडी माती टोपलीत घाला, त्यात लोळून पिसवा-उवांचं काम त्या स्वतःच करतील. आणि अंधार पडला की एकेकीला उचलून खुराड्यात ठेवा, रोज.

अळ्यांची कोंबडी चौथ्या दिवशी गेली. जखम भरत आली होती, तरी गेली.

अकराव्या दिवशी सात वाजता काकींचा फोन. "डॉक्टर, दोघी आपणहून आत गेल्या गो!"

"आणि बाकीच्या तिघी?"

"त्या ट्यूबखाली उभ्या आहेत. ट्यूब कधीची बंद आहे."