रिमोट टर्मिनलमधले शॉर्टकट

आजचा दिवस एसएसएचवरच्या (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करण्याची सोय) शॉर्टकटमध्ये गेला, म्हणून हे ताजं असतानाच.

तुम्ही दाबलेलं बटण सर्व्हरपर्यंत जातच नाही. जातात ते बाइट्स, आणि कोणते पाठवायचे हे तुमच्याकडचा टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे ज्या खिडकीत तुम्ही आज्ञा टाइप करता तो प्रोग्रॅम, ठरवतो. त्यामुळे शॉर्टकट चालेना की आधी सर्व्हरवर नुसतं 'कॅट' (टाइप केलेलं तसंच दाखवणारी आज्ञा) चालवा आणि तो दाबून बघा. कंट्रोल आणि डाव्या बाणाला बहुतेक ठिकाणी एस्केप, डावा चौकोनी कंस, १;५ आणि कॅपिटल डी असं उमटतं. काहीच उमटलं नाही, तर ते बटण वाटेतच एम्युलेटरने किंवा डेस्कटॉपने गिळलंय; सर्व्हरवर शोधाशोध करू नका. उमटतंय पण कर्सर शब्दभर मागे सरकत नाही, तर सर्व्हरवरच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट इनपुटआरसी' या बटणांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या मालिकेला 'बॅकवर्ड-वर्ड' (एक शब्द मागे) ही क्रिया जोडा. मग बॅशमध्ये (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते, लॉगआउट नको.

बॅकस्पेसने टोपीचं चिन्ह आणि एच (^H) उमटतं? एम्युलेटर ८ क्रमांकाचा बाइट पाठवतोय, सर्व्हरला १२७ हवाय. पुट्टी हा एम्युलेटर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टर्मिनल, मग कीबोर्ड, तिथे १२७ निवडा आणि सेशन सेव्ह करा.

कंट्रोल-एसने स्क्रीन थिजली तर घाबरून खिडकी बंद करू नका, प्लीज! कंट्रोल-क्यू दाबा. कायमचा उपाय म्हणजे हे थिजणं बंद करणारी 'एसटीटीवाय उणे आयएक्सऑन' (stty -ixon) ही आज्ञा, पण बॅश सुरू होताना वाचतो त्या 'बॅशआरसी' फाइलमध्ये तो फक्त इंटरॅक्टिव्ह शेलसाठीच (जिथे तुम्ही स्वतः टाइप करता) ठेवा. नाहीतर टर्मिनल नसलेल्या जोडणीत, म्हणजे एससीपी किंवा आरसिंकने फाइल्स पाठवताना, एरर येत राहते.