एक्स-रे ऑपरेटरच्या प्रशिक्षणात काय शिकवावं

प्रशिक्षणाचा बराच वेळ आकडे पाठ करण्यात जातो. वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या किरणांचा डोस मोजायचं एकक) ही मर्यादा ठाऊक हवीच, पण ऑपरेटरला मिळणारा डोस मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांचा असतो, हे आधी डोक्यात बसायला हवं. पेशंटपासून एक मीटरऐवजी दोन मीटरवर उभं राहिलं की डोस साधारण चौथाई होतो. कॉलिमेटर (किरणांचा झोत लहान-मोठा करणारी झडप) हवा तेवढाच उघडा. फिल्ड, म्हणजे किरण पडतात तो भाग, मोठं ठेवलं की विखुरणं वाढतं, फिल्मही धुरकट येते.

शिशाचा एप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका (हे सगळीकडे दिसतं!). घडीवर आतला थर तडकतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. हँगरला लावा, वर्षातून एकदा फ्लुरोस्कोपीखाली (पडद्यावर सलग दिसणाऱ्या एक्स-रेखाली) तपासा.

ड्युटी संपल्यावर डोस मोजणारा बॅज एक्स-रे खोलीत ठेवू नका. खोलीतला डोस तुमच्या नावावर लागतो.