तार उपटायची नाहीये

बेस गिटार वाजवायला लागून दोन वर्षं झाली, तरी माझ्या उजव्या तर्जनीवर एक फोड कायमचा मुक्कामाला होता. पैलवान आपले मोडलेले कान मिरवतात, तसा मी तो मिरवायचो. बेसची सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरहून जास्त भरते. अशा तारेला जोर नाही लावायचा तर कशाला लावायचा?

मग एकदा तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक स्वराच्या आधी 'टक'. माझीच तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटत होती. घरी ट्यूनर, म्हणजे स्वर चढलाय की उतरलाय ते काट्यानं दाखवणारं यंत्र, लावून बसलो. सगळ्यात जाड तार कुठेही न दाबता नेहमीसारखी ओढली, तर काटा आधी उजवीकडे पळाला आणि मग सावकाश मधे आला. तार जास्त ताणली की स्वर क्षणभर चढतोच. म्हणजे दोन वर्षं मी घाम गाळून बेसूर वाजवत होतो.

समर्थनाला माझ्याकडे जेम्स जेमर्सन होता. साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवणारा हा माणूस उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचा. त्या बोटाला 'हुक' म्हणत. तारा जाड, फ्रेटपासून चांगल्या उंच. पण ते बोट त्याचं होतं, हे मी सोयीनं विसरायचो.

खरं कारण साधं होतं. ड्रमच्या दणदणाटात मला मी ऐकू येत नव्हतो, म्हणून बोट ओरडत होतं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याला बेसची तार जराशी थरथरली तरी पुरते. आवाज मोठा करायला अँप आहे की! मग घरी मी उलटं केलं. अँपचा नॉब नेहमीपेक्षा बराच पुढे नेला आणि ठरवलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येता कामा नये. सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. तो भिंतींना जुमानत नाही. पहिल्या दिवशी आमच्याच फडताळातली काचेची बरणी किणकिणली. काकूंच्या धाकानं बोट जितकं सुधारलं, तितकं कुठल्या व्हिडिओनं सुधारलं नाही.

गॅरी विलिस हा अगदी हलक्या हाताचा बेसवादक तारांखाली लाकडाची एक पट्टी बसवतो. बोट खोल जातच नाही, पट्टीवर टेकतं. मी कोपऱ्यावरच्या सुताराकडून सागाचा तुकडा तासून आणला. 'देव्हाऱ्याचं काही आहे का?' त्यानं विचारलं. हो म्हणालो.

तरी हात वळला तो आत्याच्या तानपुऱ्यामुळे. मिरजेहून आणलेला तो तानपुरा लहानपणी मी बोट अडकवून वाजवायला गेलो, तेव्हा ती म्हणाली होती, 'अरे, तार उपटायची नाहीये!' तिचं बोट तारेला जवळजवळ समांतर असायचं. कडेचा मऊ भाग नुसता घसरून जायचा आणि तार मागून बोलायची. बेसवर बोट तसं आडवं ठेवता येत नाही, पण ते घसरून जाणं येतं. तार ओढायची नाही, तिच्यावरून पलीकडे जायचं आणि शेजारच्या तारेवर टेकायचं. असं वाजवलं की 'टक' जाते आणि स्वराला बूड येतं.

परवाच्या तालमीत तीन गाणी असं वाजवलं. चौथ्याला ड्रमवाला चेकाळला. आज तर्जनीला बोरोलीन लावून हे टाइप करतोय.