नागपूर ते धारणी विजेच्या गाडीने: अर्थिंग तपासल्याशिवाय निघू नये

मे महिन्यात आम्ही चौघे नागपूरहून अमरावती, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल आणि धारणी असा प्रवास विजेच्या गाडीने करून आलो. गाडीची बॅटरी 45 युनिटची आहे. कंपनीच्या पत्रकातील साडेचारशे किलोमीटरचा आकडा विदर्भातल्या उन्हाळ्यात विसरावा, हे मला आधीच ठाऊक होते. एसी सुरू ठेवून ताशी 85 च्या आसपास चालवल्यास तीनशे किलोमीटर निघतात आणि शंभरच्या वर गेल्यास अडीचशेच धरावेत. त्यामुळे अंतराच्या बाबतीत माझी फसगत झाली नाही. फसगत झाली ती नकाशावरच्या एका हिरव्या ठिपक्याने आणि अर्धवट समजून घेतलेल्या एका सल्ल्याने.

नागपूर ते अमरावती हा दीडशे किलोमीटरचा चौपदरी रस्ता आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी ही गावे येतात आणि जातात. अमरावतीत जलद चार्जर मिळाला, पाऊण तासात बॅटरी 85 टक्क्यांवर आली आणि तेवढ्यात जेवणही झाले. एक सूचना मात्र करतो. युनिटचा जो दर चार्जिंगच्या ॲपमध्ये ठळक दिसतो त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 20 रुपयांचे युनिट 23 रुपये 60 पैशांना पडते. शिवाय प्रत्येक ॲपच्या पाकिटात आधी पैसे भरावे लागतात आणि उरलेली रक्कम तिथेच अडकून पडते. माझे तीन ॲपमध्ये मिळून सातशे रुपये आजही पडून आहेत.

परतवाड्यानंतर घाट लागतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे आणि परतवाड्यापासून जवळजवळ सातशे मीटरची चढण आहे. माणसे आणि सामान धरून पावणेदोन टन वजन तेवढे वर न्यायला केवळ उंचीपोटी साडेतीन युनिटच्या आत वीज लागते आणि गळती धरून चार. उतरताना मोटर उलट जनरेटरसारखी फिरते आणि त्यातली बरीचशी परत मिळते. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागाच उरत नाही, गाडीला मागे धरणारी मोटरची ओढ नाहीशी होते आणि घाट नुसत्या ब्रेकवर उतरावा लागतो. म्हणून डोंगरावर बॅटरी भरू नये, असे मी वाचले होते. सल्ला बरोबर होता, पण मी तो गाढवासारखा पाळला. मुक्कामी पोहोचलो तेव्हा 47 टक्के होते, गाविलगड आणि बाकीचे पॉइंट फिरून 41 उरले, खोलीच्या भिंतीवर 15 अँपिअरचा सॉकेट होता आणि तरीही मी रात्री वायर लावली नाही. धारणीत चार्जर असल्याचा हिरवा ठिपका नकाशावर दिसत होता ना! चिखलदऱ्यात 80 ते 85 टक्के भरून निघावे, उतारासाठी तेवढी जागा पुरते. तिथली कॉफी बरी आहे.

सेमाडोह, कोलकास, हरिसाल हा रस्ता जंगलातून जातो आणि सुंदर आहे, परंतु त्याचे वर्णन इतरांनी भरपूर केले आहे. मला त्या दिवसातले आठवते ते संध्याकाळी सातचे धारणी, डॅशबोर्डवरचे 19 टक्के आणि कुलूप लावलेले लोखंडी फाटक. फाटकाच्या आत चार्जर होता, त्याचा दिवा हिरवा होता, म्हणजे ॲप खोटे बोलत नव्हते. फक्त ते आवार संध्याकाळी सहाला बंद होते आणि चावी ज्याच्याकडे असते तो जवळच्या गावात राहतो, ही माहिती ॲपमध्ये नव्हती. निघण्याआधी अशा ठिकाणी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: फाटक किती वाजेपर्यंत उघडे असते, चावी कोणाकडे असते आणि तिथे मोबाइलला रेंज येते का. रेंज नसेल तर ओटीपी येत नाही आणि ओटीपीशिवाय ती सगळी यंत्रणा म्हणजे पावसाळी छत्री ठेवायचा खांब आहे.

धारणीहून परतवाडा नव्वद किलोमीटरच्या पुढे आणि 19 टक्क्यांत साठ किलोमीटरही धड होत नाहीत. आम्ही एका लॉजमध्ये खोली घेतली. मालकाने चार्जिंगचे आठशे रुपये आगाऊ मागितले आणि मी ते दिले, हा माझा दुसरा मूर्खपणा. वायर लावताच चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना हा दिवा माहीत असेल: अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तार, नाही. घरातला पंखा, फ्रिज, टीव्ही अर्थिंगशिवाय वर्षानुवर्षे चालतात आणि कोणाला पत्ता लागत नाही, पण गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ती नसेल तर एक युनिटही घेत नाही. लॉजमधल्या पोराने लगेच उपाय सुचवला की प्लगमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ यांना वायरचा तुकडा जोडला की दिवा हिरवा होतो. तो होतो, हे खरे आहे. परंतु मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो आणि दाराला हात लावणारा माणूस जागेवर जातो. हा जुगाड कोणी कितीही आग्रहाने सुचवला तरी करू नये, रस्त्यात अडकून पडलेले परवडले. आठशे रुपये मात्र परत मिळाले नाहीत. "वायर तं लावली होती ना," असे उत्तर मिळाले.

साडेनऊ वाजता एका पिठाच्या गिरणीसमोर गाडी उभी केली. गिरणी सुचली ती एवढ्याच कारणाने की तिथे थ्री फेज मोटर असते, वायर जाड असते आणि मोटरसाठी कोणीतरी कधीतरी अर्थिंगचा खड्डा खणलेला असतो. गिरणीवाले काका दार ओढून घेत होते. त्यांच्या सॉकेटवरही लाल दिवाच लागला, तेव्हा माझा धीर सुटला. त्यांनी होल्डरला लावलेला शंभर वॅटचा एक बल्ब काढला, एक तार फेजच्या, म्हणजे करंट येणाऱ्या, आणि दुसरी अर्थच्या भोकात धरली. बल्बची तार नुसती लालसर झाली.

"अर्थिंग हाये, पन तहानली हाये," ते म्हणाले. "मे महिना हाय भाऊ. मीठ आना अन् बादली घ्या."

गिरणीच्या मागे काळ्या मातीत चौकोनी खड्डा होता, त्यात गंजलेला पाइप उभा होता आणि भोवतालच्या भेगांत बोट जात होते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी, पण ओलच उरली नसेल तर कोळसा तरी काय करणार? आम्ही मिठाच्या पाण्याच्या पाच बादल्या ओतल्या. पहिल्या तीन बादल्या मातीने आवाज न करता पिऊन टाकल्या, चौथीला बुडबुडे आले. पंधरा मिनिटांनी तोच बल्ब पांढरा लखलखीत पेटला आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला. त्या क्षणी मला झालेला आनंद चिखलदऱ्याच्या कोणत्याही पॉइंटवर झाला नव्हता, त्यामुळे पुढचा सल्ला थोडा उत्साहाच्या भरात दिलेला समजावा: मेळघाटात हॉटेल नंतर शोधा, गिरणी आधी शोधा. वेल्डिंगचे दुकानही चालेल.

काकांनी मीटरचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला. रात्री तासभर लाइन गेली आणि व्होल्टेज दोनशेच्या आसपासच राहिले, त्यामुळे वेग कमी होता. तरी सकाळपर्यंत मीटरवर 24 युनिट पडले, त्यातले 21 बॅटरीत गेले आणि गाडी 66 टक्क्यांवर आली. काकांनी तीनशे रुपये घेतले, जे रास्त आहेत. परतवाड्याला आम्ही 35 टक्के शिल्लक ठेवून पोहोचलो.

सोबत स्वतःचा चार्जर आणि 15 अँपिअरची जाड वायर असणारच, असे मी गृहीत धरतो. त्यात होल्डरसह एक शंभरचा बल्ब आणि दोन किलो जाडे मीठ ठेवावे. टेस्टरवर विसंबू नये, कारण तो फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही. बल्ब लावायचा तो वायरमन किंवा जाणकार माणसाच्या हातून, स्वतः प्रयोग करू नये. आणि गिरणीत रात्र काढली तर सकाळी सातच्या आत वायर गुंडाळून तयार राहावे. पावणेसातलाच दोन बाया ज्वारीचे डबे घेऊन ओट्यावर येऊन बसल्या होत्या आणि मी आणखी अर्धा तास मागितला तेव्हा काकांनी माझ्याकडे न पाहता मोटरचा खटका दाबला.